उलट्या सावलीची पाकळी

त्या दिवशी वर्कशॉपात होते ते एवढेच. शेवडे साहेब, वर्कशॉपचे मालक, कानाला फोन. सहारनपूरचा रमजान, पॉलिशवाला. पिकअपचा ड्रायव्हर गुलखान पठाण. तुम्ही, दत्ताराम मेस्त्री, चष्मा कपाळावर चढवलेला. आणि मी हौसाबाई, साहेबांच्या घरची स्वयंपाकीण, चार डबे घेऊन दारात उभी. पाच माणसं. त्यातले तुम्ही गेलात. म्हणून मी बोलते आणि माझी सून वैशाली इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहून घेते. मला सही येते, त्यापुढं लिहिता येत नाही.

मेस्त्री, आज एकवीस दिवस झाले. तुम्हाला पेटीत घालून विमानानं कुडाळला धाडलं, तेव्हा मी गेले होते बघायला. पेटी प्लायवूडची होती. कोपऱ्यांना खिळे मारले होते, एक वाकडा गेलेला. मी त्या खिळ्याकडंच बघत राहिले. तुम्ही उठून बसला असता आणि म्हणाला असता, ह्यो सांधो कोणी मारलो रे. एवढंच माझ्या मनात आलं. रडू आलं नाही. मला लवकर येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं बोलते. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आपलं पत्र्याचं शेड. बाहेर एवढं ऊन की दाराची कडी फडक्यानं धरायची. गुलखाननं आणि रमजाननं मिळून एक मोठं खोकं उतरवलं, आतली ब्लँकेटं सोडली. आतून निघालं ते कपाट माझ्या कमरेएवढं होतं. तीन खण, चार बारीक पाय. मी म्हणलं, एवढ्याशा कपाटाला एवढी ब्लँकेटं.

मग साहेबांनी ट्यूबलाइट लावली.

त्या कपाटावर एक फुलदाणी होती. फुलदाणीत गुलाब, गुलाबाच्या देठावर एक पक्षी, खाली सुटलेली फीत. तिन्ही खणांवर मिळून एकच चित्र. खणांच्या मधल्या फटी गुलाबातून जात होत्या तरी गुलाब कुठं तुटलेला वाटत नव्हता. धूळ बसलेली. माझ्या हाताला पाणी लागलं होतं डब्यांचं. मी पदराचं टोक घेऊन पुसायला गेले, आणि तुम्ही माझं मनगट धरलंत.

"पाणी नको गो. पाण्यानंच मेलाहा ता."

मी म्हणलं, "रंग जाईल म्हणून होय?"

तुम्ही हसलात. माझा हात कोरडा करून त्या गुलाबावर ठेवलात. "रंग खंय आसा तो माका दाखव."

मी हात फिरवला. पाकळीवरून पानावर, पानावरून पक्ष्याच्या पोटावर. बोटाला काहीच लागेना. कुठं एक संपतं आणि दुसरं लागतं, ते डोळ्याला दिसत होतं आणि हाताला कळत नव्हतं. माझे हात काय नाजूक नाहीत. दहाव्या वर्षापासून बापाच्या भट्टीवर काम केलेले हात आहेत. पण पिठात खडा असला तर मला कळतो. इथं काही कळेना.

मग तुम्ही सांगितलंत. हे सगळं लाकूड आहे. काळं ते आबनूस, तांबडं ते शिसम, तपकिरी ते अक्रोडाचं, पिवळट ते लिंबाच्या झाडाचं. हिरव्या पानाचं लाकूड रंगात दिवसच्या दिवस उकळून मग कापलेलं, वरून एक थेंब लावलेला नाही. एकेक तुकडा नखाएवढा जाड, करवतीनं कापून शेजारच्यात बसवलेला. पक्ष्याच्या एका पंखात एकोणचाळीस तुकडे. इटलीच्या कोणा कारागिरानं दोनशे वर्षांपूर्वी केलेलं.

मी विचारलं, "त्याचं नाव काय?"

"कोणाक ठाऊक."

मला ते बरं वाटलं नाही. एवढं करायचं आणि नाव ठाऊक नाही.

कपाट शारजाच्या एका अरबी म्हातारीचं होतं. सगळे तिला मामा म्हणायचे, तिकडच्या घरात मालकिणीला मामाच म्हणतात. तिच्या नवऱ्यानं कधीतरी इटलीहून आणलेलं. एसीचं पाणी कितीतरी वर्षं त्याच्या डाव्या अंगावर ठिबकत होतं, आणि घरकामाची पोरगी रोज ओल्या फडक्यानं पुसत होती. तुकडे सुटले, पडले. पडलेले तुकडे मामानं खजुराच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. तो डबा तुम्ही टेबलावर पांढऱ्या कपड्यावर ओतलात आणि म्हणालात, "चला. आधी ह्यां, जेवाण मगे."

रमजान म्हणाला, "चाचा, पहली बार देखा, आप खाने को ना बोल रहे हो."

तुम्हाला जेवायला हाक मारणं हे रोजचं काम होतं माझं. मी डबे उघडायचे, तुम्ही नाक लावून म्हणायचात, "हौसाबाय, ह्या घाटावरचा तिखट माका एक दिवस विमानात घालून धाडतला." मी म्हणायचे, तुमच्या त्या नारळाच्या पाण्याला आमच्याकडं आमटी म्हणत नाहीत. आता धाडलं बघा विमानात. तिखटानं नाही, हृदयानं.

साहेब मला बारा वाजता डब्यांसकट वर्कशॉपात सोडायचे आणि गुलखान तीन वाजता परत शारजाला साहेबांच्या घरी न्यायचा, संध्याकाळच्या स्वयंपाकाला. मधले तीन तास मी भांडी घासून बसून राहायचे. साहेबांचा कडक हुकूम होता. "मावशी, तुमचा व्हिसा घरकामाचा आहे. वर्कशॉपमध्ये कशालाही हात लावायचा नाही. इन्स्पेक्टर आला तर मला फाइन, आणि तुम्ही पहिल्या फ्लाइटनं इंडिया." त्यांचं चूक नव्हतं. मला नवरा मेल्यावर दोन लेकरं आईकडं ठेवून इथं यावं लागलं होतं. संदीप तेव्हा आयटीआयला होता, शोभाचं लग्न ठरायचं होतं. परत जाऊन मी काय केलं असतं. भट्टी कधीच मोडली होती.

म्हणून मी नुसती बघायचे. तुम्ही सरस तापवायचात, पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून. जनावराच्या हाडाचा सरस, वास असा की रमजान नाकाला रुमाल बांधायचा. मी विचारलं, पांढरा डिंक मिळतो की डब्यात, हे कशाला. तुम्ही सांगितलं ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. पांढरा डिंक एकदा धरला की सोडत नाही. सरस ऊब दिली की सोडतो. त्या इटलीवाल्यानं चिकटवलेलं मी दोनशे वर्षांनी सोडवू शकतो, म्हणजे माझ्यानंतर जो येईल त्याला माझं सोडवता आलं पाहिजे. त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही.

मी घरी जाऊन ते बराच वेळ मनात घोळवलं. कोण येणार, कधी येणार, ठाऊक नसताना माणूस त्याची सोय करून ठेवतो.

खालचा खण तुम्ही पालथा केलात तेव्हा आत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं निघालं. बारीक, तिरकं, परक्या लिपीत. तुम्ही म्हणालात, आधी ज्यानं कोणी दुरुस्त केलंय त्याचं नाव असणार. ह्या कामातले लोक असं लिहितात, कोणाला दिसणार नाही अशा जागी. तुम्ही त्या नावाला बोटानं शिवलात आणि बोट कपाळाला लावलंत.

बहुतेक तुकडे डब्यात सापडले. सात-आठ सापडले नाहीत. फितीचे दोन, पक्ष्याचं एक नख, काही पानांचे कोपरे. आणि मधल्या खणावरच्या मोठ्या गुलाबाची एक पाकळी. बाकी सगळं तुम्ही कापलंत, बसवलंत. मी डोळ्यांनी बघत असताना बसवलंत आणि दुसऱ्या दिवशी मला ते शोधून सापडलं नाही. पाकळीपाशी मात्र अडलात.

त्या गुलाबाच्या प्रत्येक पाकळीला सावली होती. उजेड डावीकडून येतोय, म्हणून उजव्या कडेला तपकिरी, आणि ती तपकिरी हळूहळू विरघळत पांढऱ्यात जाते. कुठं सुरू झाली ते कळत नाही. तुम्ही तापलेल्या सळईनं करून बघितलंत. रेघ उठायची, सावली पडायची नाही. इस्त्रीनं करून बघितलंत. शाईला तुम्ही तयार नव्हतात. रमजान म्हणाला, "पॉलिश में रंग मिला देता हूँ, किसको पता चलेगा?" तुम्ही त्याला म्हणालात, "माका." चार दिवस झाले. जेवण तसंच परत जायला लागलं.

पाचव्या दिवशी मी वाकून त्या जुन्या पाकळ्या बघत होते. आणि माझ्या लक्षात आलं की हे मी बघितलंय. पाटीत पसरलेले फुटाणे. एका अंगानं जास्त भाजलेले, कडेला तपकिरी आणि आत विरत गेलेले. माझा बाप कराडजवळ भट्टी चालवायचा. चुरमुरे, फुटाणे, लाह्या. सगळं तापल्या वाळूत.

मी म्हणलं, "मेस्त्री, हे वाळूत भाजलंय."

"इटलीत काय फुटाणे भाजतत गो?"

"ते मला ठाऊक नाही. पण सळईचं तोंड एका जागी लागतं. वाळू सगळीकडून लागते, वर कमी आणि खाली जास्त. लाकूड उभं खुपसलं तर खालची कड जास्त भाजंल आणि वरपर्यंत विरत जाईल. करून बघा."

तुम्ही चष्मा काढलात. मग परत घातलात. "करून बघा काय म्हणतस. तू कर."

मी दाराकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "साहेब दुबईक गेलेत. गुलखान तीन वाजता येतलो." रमजान आपलं पॉलिश घासत राहिला. त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही, हेही इथं लिहून ठेव वैशाली.

पहिली वाळू शेडच्या बाहेरची घेतली. वाया गेली. समुद्राजवळची वाळू, त्यात शिंपल्यांचा चुरा आणि मीठ. तापल्यावर फुटायला लागली, लाकडावर पांढरे डाग पडले. तुम्ही नुसतं माझ्याकडं बघितलंत. मी म्हणलं, बापाची वाळू नदीची होती, हिला दोष काय द्यायचा. गुलखानला सांगून आत वाळवंटात धैदकडच्या वाटेवरची तांबडी वाळू तांदळाच्या पिशवीतून मागवली. त्यानं विचारलं, "अम्मा, इधर रेत कम है?" मी ती सात पाण्यांनी धुतली, ओढणीतून गाळली, पत्र्यावर वाळत टाकली. ते ऊन, अर्ध्या तासात खडखडीत.

वाळू किती तापवायची ते माझ्या बापाच्या पद्धतीनं. ज्वारीचा दाणा टाकायचा. पडल्या पडल्या उडाला तर वाळू फार तापली. दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसला आणि मग उडाला, तर बरोबर. मग चिमट्यानं लाकडाची पट्टी धरायची, कड खुपसायची आणि मोजायचं. सतराला मधाचा रंग. पंचवीसला गुळाचा. तिसाला वाया. तुम्ही शेजारी बसून प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीनं आकडा घालत होतात, शाळेतल्या मुलासारखे.

सतराची पट्टी तुम्ही जुन्या पाकळीशेजारी धरलीत. किती वेळ धरलीत. मग म्हणालात, "हौसाबाय, दोनशे वर्सांपूर्वी तिकडे कोणतरी तुझ्यासारखो बसलेलो असतलो. ज्वारी टाकीत."

मी म्हणलं, तिकडं ज्वारी पिकत नसंल.

पण मला त्या दिवशी जे वाटलं ते मी तुम्हाला सांगितलं नाही. माझा बाप आयुष्यभर भडभुंजा म्हणून वाळूत हात भाजून घेत मेला. लोक चार आण्याचे फुटाणे घेऊन जायचे आणि त्याचं तोंडही बघायचे नाहीत. आणि त्याच वाळूचं, त्याच मोजण्याचं, एका राजाच्या घरात शोभणारं असं फूल कोणी तरी केलं होतं. दोघांनी एकमेकांचा देश कधी ऐकला नसंल. मला वाटलं, बापाला हे दाखवायला पाहिजे होतं.

पाकळी तुम्ही कापून ठेवलीत. दुसऱ्या दिवशी तुमचं व्हिसाचं मेडिकल होतं, तुम्ही सकाळीच गेलात. मला सांगून गेलात, टेबलावर पाकळी ठेवली आहे, सावली दे. मी दाणा टाकला, आकडे मोजले. पाकळी टेबलावर जशी पडली होती तशी उचलली. कपाटावरच्या शेजारच्या पाकळीकडं बघितलं, तिची सावली उजव्या कडेला. मी हातातल्या पाकळीची उजवी कड वाळूत घातली. सतरा मोजले. एवढी सुंदर सावली आली की मी ती कोणाला तरी दाखवायला मान वर केली आणि शेडमध्ये रमजानशिवाय कोणी नव्हतं.

पाकळी टेबलावर पालथी होती, मेस्त्री. मागची बाजू वर होती. फुटाण्याला पुढची-मागची बाजू नसते. उलटल्यावर माझी उजवी कड डावी होणार, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, सरस तापलेला होता. सरस गरम असतो तेवढ्या चार श्वासात तुकडा बसवायचा असतो. तुम्ही पाकळी बसवलीत, वर कागद लावलात, वाळूची गरम पिशवी ठेवलीत. त्याच माझ्या वाळूची. एक दिवस गेला. कागद जरासा ओलसर करून काढलात, आणि चष्मा पुसून परत बघितलंत. मी विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, "बाकीच्या पाकळ्यांवर सूर्य डावीकडून आसा. तुझ्या पाकळीवर उजवीकडून उगवलो."

बघितलं मी. सांगितल्यावर दुसरं काही दिसेना.

मी म्हणलं, ऊब द्या, सोडवा, दुसरी करते. तुम्हीच म्हणालात की सरस सोडतो. तुम्ही बोटानं शेजारच्या पाकळ्या दाबून बघितल्यात. त्या जुन्या, पाणी प्यालेल्या, कशाबशा धरून बसलेल्या. "हिका ऊब दिली तर ह्यो चार सुटतल्यो. आणि त्यातली एक जरी मोडली तर ती माझ्यान होऊची नाय. राहू दे."

मला पटलं नाही. दोन दिवस मी तेच तेच बोलत होते. शेवटी तुम्ही मला हाताला धरून कपाटाच्या उजव्या अंगाला नेलंत. तिथं खाली एक पानांची माळ आहे. "ह्यां सगळ्यात खालचा पान बघ. ह्याची पण सावली उलटी आसा. आमची नाय, त्या इटलीवाल्याची. त्याच्या पण वर्कशॉपात कोणीतरी पालथो तुकडो भाजलो. दोनशे वर्सां कोणी मेलो नाय त्येच्यान."

माझा चष्मा शारजाला राहिला होता. मला खाली वाकून नुसतं हिरवं-तपकिरी दिसत होतं. तेवढ्यात गुलखाननं हॉर्न दिला, "यल्ला अम्मा, ट्रॅफिक!" मी म्हणलं, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय. तुम्ही म्हणालात, "मगे उद्या चष्मो घेवन ये." दुसऱ्या दिवशी मी चष्मा घेऊन आले तेव्हा रमजाननं त्या अंगाला पॉलिश लावलं होतं आणि त्यावर कापड टाकलेलं होतं. मग ते राहूनच गेलं.

त्याच दिवशी तुम्ही खालचा खण पालथा करून, त्या परक्या नावाखाली पेन्सिलीनं तुमचं नाव लिहिलंत. दत्ताराम मेस्त्री, कुडाळ. पेन्सिल माझ्याकडं केलीत. "तुझा नाव घाल. सही येता ना?" मी हात मागं घेतला. म्हणलं, कोणी वाचलं तर. तुम्ही म्हणालात, खणाच्या पोटाखाली वाकून वाचायला इन्स्पेक्टर येणार नाही. मी नाही म्हणलं. तुम्ही पेन्सिल कानावर ठेवलीत. परत विचारलं नाहीत.

कपाट न्यायला मामा स्वतः आली. मुलगा बरोबर, आणि मुलानं आणलेला एक गोरा माणूस, जुन्या सामानाची पारख करणारा. हातात भिंग आणि टॉर्च. मी डबे घेऊन नुकतीच आले होते, भिंतीशी उभी राहिले. त्या माणसानं एक तास कपाट बघितलं. गुडघ्यावर बसून, आडवा पडून. साहेब आम्हाला हळूहळू सांगत होते. म्हणतोय, नवे तुकडे कुठले ते मला सापडत नाहीत. म्हणतोय, असं काम त्यानं इकडं कुठं बघितलं नाही. तुम्ही जमिनीकडं बघत होतात. 

मग त्याचा टॉर्च मधल्या खणावर थांबला. त्यानं पाकळीवर बोट ठेवलं आणि साहेबांना काहीतरी म्हणाला. साहेबांचा चेहरा बदलला.

"मेस्त्री, शॅडो उलटी आहे म्हणतात. ही कोणी केली?"

रमजाननं माझ्याकडं बघितलं नाही. मीही कोणाकडं बघितलं नाही. डबा गरम होता, त्याची कडी माझ्या बोटांत रुतली होती. मला बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम. तुम्ही मला वेळही दिला नाहीत.

"मी केलंय, साहेब. चष्मो नव्हतो त्या दिवशी."

माझ्या हातातला डबा हलला नाही. आमटी सांडली नाही. हे मला सगळ्यात जास्त आठवतं.

मामानं विचारलं काय चाललंय. मुलानं सांगितलं. ती पुढं आली, त्या पाकळीवरून बोट फिरवलं, म्हणाली, "खल्ली." म्हणजे राहू दे. तिला ती आवडली होती. पण तिच्या आवडण्याचा उपयोग झाला नाही. गोरा माणूस दहा ठिकाणी जाऊन बोलणारा. साहेब वाईट नव्हते, त्यांनी तुम्हाला काढलं नाही. फक्त त्यानंतर जुनं, नाजूक काम आलं की ते दुबईच्या दुसऱ्या माणसाकडं जायला लागलं. तुमच्याकडं हॉटेलच्या खुर्च्या. किचनच्या फळ्या. प्लायवूड. लोकांत बोललं गेलं, मेस्त्रीची नजर गेली. रमजानला कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "चाचा की नज़र तुमसे अच्छी है," आणि पुढं बोलायचा नाही.

तुमची नजर गेली नव्हती. ते हात, जे पक्ष्याचं नख कापायचे, ते बारा वर्षं खुर्च्यांचे पाय चिकटवत राहिले.

त्या दिवशी सगळे गेल्यावर तुम्ही जेवायला बसलात. पहिला घास घेतलात आणि म्हणालात, "आमटी खारट झाली गो आज." मी पाणी दिलं. तुम्ही पूर्ण जेवलात.

एकदा मी विषय काढला. तुम्ही म्हणालात, "खलास. तो विषय काढूचो नाय. शोभाचा लगीन करूचा आसा ना तुका?" शोभाचं लग्न झालं. संदीपला इथं नोकरी लागली. पाच वर्षांपूर्वी त्यानं मला त्याच्या व्हिसावर घेतलं, मी साहेबांचं घर सोडलं. त्या दिवसापासून मला कोणी विमानात बसवू शकत नव्हतं. तरी मी साहेबांकडं गेले नाही. आधी भीती होती म्हणून गप्प बसले. भीती गेली तेव्हा गप्प बसायची सवय लागली होती. त्यापेक्षा मोठं कारण नाही, आणि असलं तर मला सापडलं नाही.

तुम्ही शुक्रवारी आमच्याकडं जेवायला यायचात. नातू टॅबलेटमधून मान वर करून म्हणायचा, "आजी, carpenter uncle is here." आणि आपलं भांडण सुरू व्हायचं. मी म्हणायचे, ते पान खोटं आहे, तुम्ही मला फसवलंत. तुम्ही म्हणायचात, जा नि बघून ये. वर्कशॉपात होते तेव्हापासून बारा वर्षं तेच. तुमच्या शेवटच्या शुक्रवारीही तेच. मी म्हणलं, एवढा मोठा कारागीर असली चूक करंल काय. तुम्ही भात कालवत म्हणालात, "तू केलंस ना." मी म्हणलं, मी कुठं कारागीर. तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत, आणि मठ्ठा मागितलात.

तुम्ही गेल्यावर रमजान तुमची खोली आवरून आला. खजुराचा एक पत्र्याचा डबा मला दिला. म्हणाला, "चाचा ने कभी हाथ नहीं लगाने दिया, शायद आपका है." आत त्या पट्ट्या होत्या. सगळ्या. डाग पडलेल्या पहिल्या दोन, मग सतराची, पंचवीसची, तिसाची जळकी. वैशालीनं एक उचलून उजेडात धरली. म्हणाली, "आई, आकड्याखाली तुमचं नाव लिहिलंय." मी म्हणलं, कुठल्या पट्टीवर. ती एकेक बघत गेली. म्हणाली, सगळ्यांवर.

मी सतराची पट्टी हातात घेतली. बोट फिरवलं. सावली कुठं सुरू होते ते हाताला कळत नाही.

मेस्त्री, मला तुमचे आभार मानता येत नाहीत. आपल्यात ते कधी नव्हतं. मला एवढंच कळतं, की तुम्ही चिकटवलेलं पुढच्या माणसाला सोडवता यावं म्हणून जपायचात, आणि माझी एक गोष्ट मात्र अशी धरलीत की तुमच्या जिवंतपणी मी ती सोडवली नाही. आता सोडवते.

मामा वारली, तिचं घर विकलं, कपाट कुठं गेलं ते साहेबांनाही ठाऊक नाही. इथंच कुठं तरी असंल, दुबईत, शारजात, एखाद्या मोठ्या घरात. हा अंक वाचणाऱ्यांपैकी कोणी तिथं काम करत असंल, कोणाचे मालक असतील, कोणी सामान हलवणारे असतील. तीन खण, फुलदाणी, गुलाबाच्या देठावर पक्षी. सापडलं तर ओल्या फडक्यानं पुसू नका. उजव्या अंगाचं खालचं पान बघितलंत तर बघा, मला कळवलं नाही तरी चालंल. पण खालचा खण काढून पालथा करा. तिथं दत्ताराम मेस्त्रींचं नाव आहे. त्याखाली एवढं लिहा, की मधल्या खणावरची उलट्या सावलीची पाकळी हौसाबाईनं केली, मेस्त्रींनी नाही. पेन्सिलीनं लिहा. पेनानं नको, शाई लाकडात उतरते.